एकाहत्तर गुणांचा खेळ : ‘डेज गॉन’च्या समीक्षेचे प्रकरण

२६ एप्रिल २०१९ रोजी ‘डेज गॉन’ हा व्हिडिओ गेम सोनीच्या प्लेस्टेशन ४ या खेळयंत्रावर आला, आणि समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याचा आकडा शंभरपैकी ७१ वर येऊन थांबला. या संकेतस्थळावर खेळांसाठी ७५ आणि त्यापुढील गुण हिरव्या चौकटीत, ५० ते ७४ पिवळ्या चौकटीत आणि त्याखालचे तांबड्या चौकटीत दाखवतात. पिवळ्या चौकटीशेजारी ‘संमिश्र किंवा सरासरी’ असा शेरा असतो. ज्याने महाराष्ट्रात दहावीचा निकाल हातात घेतला आहे, त्याला ७५ ही रेषा काय असते हे समजावून सांगावे लागत नाही. चार गुणांनी डिस्टिंक्शन हुकलेल्या मुलाकडे पाहुणे ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने या खेळाकडे पाहिले गेले. फरक इतकाच, की एकाहत्तर टक्क्यांच्या मुलाला अकरावीला कुठे ना कुठे प्रवेश मिळतो. या खेळाला दुसरा भाग मिळाला नाही.

‘डेज गॉन’ हा थोर खेळ होता आणि समीक्षकांनी त्याच्यावर अन्याय केला, असे सांगण्यासाठी हे प्रकरण मांडलेले नाही. उलट, २०१९ साली समीक्षकांनी शब्दांत जे लिहिले त्यातील बहुतेक भाग बरोबर होता, असेच माझे मत आहे. या खेळाचा मध्यमपणा नेमका कुठे होता, समीक्षकांना तो का टोचला, नंतर आलेल्या लाखो खेळाडूंना तो का टोचला नाही, आणि एका आकड्यात दाबून बसवलेले हे सगळे मत पुढे कोणत्या कामासाठी वापरले गेले, हे चार प्रश्न येथे तपासायचे आहेत.

स्टुडिओ आणि त्याच्यावरील ओझे

हा खेळ ज्या बेंड स्टुडिओने केला तो अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या बेंड याच गावचा. १९९९ मधील ‘सायफन फिल्टर’ या हेरकथेच्या खेळाने त्याचे नाव झाले, पुढे सोनीने तो विकत घेतला, आणि त्यानंतर बरीच वर्षे हा स्टुडिओ मुख्यतः हातात धरायच्या यंत्रांसाठी खेळ करत राहिला. २०११ मध्ये ‘अनचार्टेड’ मालिकेतील व्हिटा या यंत्रासाठीचा भाग त्यांनीच केला. म्हणजे ‘डेज गॉन’ हे त्यांचे पुष्कळ वर्षांनी मोठ्या कन्सोलवरचे पुनरागमन होते, आणि तेही नकाशावर हवे तिकडे फिरू देणाऱ्या ‘खुल्या जगा’च्या प्रकारात, जिथे शेकडो माणसांचे स्टुडिओसुद्धा धापा टाकतात.

जून २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सोनीच्या कार्यक्रमाचा शेवट याच खेळाच्या प्रात्यक्षिकाने झाला. एका पडक्या लाकूड गिरणीत नायक शिरतो आणि शेकडो झोंबी, ज्यांना या खेळात ‘फ्रीकर’ म्हणतात, पाणी फुटावे तसे त्याच्या मागे लागतात. छपरांवरून, खिडक्यांतून, एकमेकांच्या अंगावरून ते वाहत येतात. ते दृश्य लोकांच्या लक्षात राहिले आणि तेच पुढे खेळाला भारी पडले, कारण तीन वर्षे लोक त्या झुंडीची वाट पाहत होते. प्रकाशनाची तारीख पुढे ढकलत २२ फेब्रुवारी २०१९ वर आली आणि त्या महिन्यात इतर मोठ्या खेळांची गर्दी असल्यामुळे आणखी दोन महिने पुढे गेली.

त्या मधल्या काळात सोनीने स्वतः प्रकाशित केलेले कोणते खेळ आले, हे पाहिल्याशिवाय ७१ चा अर्थ लागत नाही. २०१७ मधील ‘होरायझन झीरो डॉन’ला ८९, एप्रिल २०१८ मधील ‘गॉड ऑफ वॉर’ला ९४ आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील ‘स्पायडर-मॅन’ला ८७ गुण होते. ज्या घरात भावंडे नव्वदीच्या आसपास आहेत तिथे एकाहत्तर म्हणजे काय, हे पुन्हा दहावीच्याच भाषेत समजून घ्यावे.

समीक्षकांनी काय लिहिले

खेळांच्या समीक्षा छापणाऱ्या संकेतस्थळांपैकी आयजीएनने दहापैकी ६.५ आणि गेमस्पॉटने ५ गुण दिले; साडेसात-आठ देणारेही होते. एकंदर वाचन केल्यावर आक्षेपांचे तीन गठ्ठे दिसतात. पहिला तांत्रिक : मोटारसायकल वेगात असताना चित्र अडखळणे, आवाज आणि ओठ न जुळणे, कथेच्या प्रत्येक छोट्या प्रसंगाआधी पडदा काळा होणे. याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. बेंडने प्रकाशनानंतर एकामागून एक दुरुस्त्या दिल्या, हाच त्या आक्षेपांचा कबुलीजबाब आहे.

दुसरा आक्षेप कथेबद्दल होता. डीकन सेंट जॉन हा बंडखोर मोटारसायकलस्वार, त्याची हरवलेली पत्नी सारा, जखमी मित्र बूझर आणि जग कोसळून दोन वर्षे झालेली माणसांची छावण्यांमधली भांडणे, ही सामग्री २०१९ पर्यंत दूरचित्रवाणीवर आणि खेळांमध्ये पुरती वापरून झाली होती. सॅम विटवर या अभिनेत्याने डीकनचे काम मन लावून केले आहे, परंतु लेखकांनी त्याला सतत स्वतःशी पुटपुटायला लावले असल्यामुळे एकाकी रस्त्यावरची शांतता टिकतच नाही. लग्नाच्या प्रसंगात वधू शपथ घेताना मोटारसायकलवरून जो द्व्यर्थी विनोद करते, त्याची तेव्हा भरपूर टिंगल झाली. तो विनोद बाष्कळ आहे. पण चाळीस तासांच्या खेळात एका वाक्यावर इतकी शाई खर्च व्हावी असे त्यात काही नाही.

तिसरा आक्षेप पुनरावृत्तीचा, आणि माझ्या मते प्रकरणाचे मर्म येथेच आहे. तो नीट समजण्यासाठी खेळातील एकच काम जवळून पाहू.

या जगात ‘नीरो’ नावाच्या सरकारी आपत्कालीन संस्थेची ओसाड पडलेली तपासणी ठाणी आहेत. ठाण्याचे दार विजेशिवाय उघडत नाही. जनरेटर आहे, पण त्यात इंधन नाही. म्हणून आसपासच्या तंबूंमागे, ट्रकखाली इंधनाचा डबा शोधायचा. डबा सापडला की लगेच जनरेटर सुरू करायचा नाही, कारण खांबांवर भोंगे बसवलेले आहेत आणि वीज आल्याबरोबर ते बोंबलू लागतात व परिसरातील सगळे फ्रीकर धावून येतात. तेव्हा आधी भोवती फिरून एकेक भोंगा हुडकायचा, तो निकामी करायचा, मग जनरेटर ओढायचा, आत जायचे आणि डीकनची ताकद किंचित वाढवणारी एक सुई घेऊन बाहेर पडायचे. पहिल्या वेळी हे सारे विलक्षण रंगते. एखादा भोंगा छपराच्या पलीकडच्या बाजूला राहून जातो, दिवे लागतात, आणि आपलीच चूक आपल्या अंगावर ओरडत येते. दुसऱ्या वेळी आपण भोंगे मोजायला शिकलेलो असतो. चौथ्या-पाचव्या ठाण्यापाशी मात्र लक्षात येते, की कोड्याची मांडणी बदलते पण कोडे बदलत नाही. आता विचार करण्याचे काही उरलेले नसून फक्त फेरी मारायची आहे. फ्रीकरांची घरटी जाळणे, दरोडेखोरांच्या छावण्या साफ करणे, पळालेल्या माणसाचा मोटारसायकलवरून पाठलाग करणे, ही सगळी कामे याच पठडीतली. एकेकटे काम चांगले घडवलेले आहे आणि तेच काम इतक्या वेळा पुढे ठेवले आहे, की त्याचा चांगुलपणा घासून गुळगुळीत होतो.

मध्यम खेळ हा सगळीकडे सारखाच मध्यम असतो असा एक समज आहे. ‘डेज गॉन’ तो खोटा ठरवतो. त्यात अव्वल दर्जाच्या निदान दोन गोष्टी आहेत. एक मोटारसायकल. या प्रकारच्या बहुतेक खेळांत वाहन म्हणजे शिट्टी मारली की उगवणारी सोय असते. येथे तिची टाकी रिकामी होते, ती आपटली तर भंगार गोळा करून जागेवर दुरुस्त करावी लागते, आणि मोकळ्या रानात खेळ सेव्ह करायचा तर तिच्याजवळच उभे राहावे लागते. त्यामुळे गाडी कुठे लावली आहे, उतरणीवर इंजिन न वापरता किती लांब जाता येईल, परतताना तिच्यापर्यंत धावत पोहोचता येईल का, असे विचार डोक्यात घर करतात. नकाशावरचे अंतर हे खरोखरीचे अंतर वाटू लागते.

दुसरी गोष्ट ती झुंड. दिवसा ती एखाद्या गुहेत किंवा बोगद्यात दाटीवाटीने पडून असते आणि रात्री पाण्यावर, खाद्यावर निघते. सुरुवातीच्या तासांत तिच्याशी लढणे शक्यच नसते. अंधारात दूरवर पायांचा सळसळाट ऐकू आला की गाडी वळवणे एवढेच हाती असते. मग हळूहळू शस्त्रे येतात, पेटत्या बाटल्या साठतात, अरुंद फटी, ओंडक्यांचे ढीग आणि पेट्रोलची पिंपे नजरेत भरू लागतात, आणि एके दिवशी आपण त्या गिरणीपाशी उभे राहून पळण्याची वाट आधी पायांनी मोजून घेतो. गिरणीतील झुंड सुमारे पाचशेंची आहे. ती संपवायला लागणारी पंधरा-वीस मिनिटे, त्यातली धावपळ, दम संपणे, चुकीच्या दारात शिरणे, हे त्या वर्षीच्या कुठल्याही खेळात नव्हते.

पण ही झुंड समोर येते कधी? मुख्य कथा पूर्ण करायला साधारण ३५ ते ४० तास लागतात, आणि कथेच्या ओघात झुंडीशी समोरासमोर भिडावे लागते ते त्यातला मोठा भाग उलटून गेल्यावर. २०१६ मध्ये जाहिरातीसाठी जी गोष्ट सर्वांत पुढे ठेवली होती, ती प्रत्यक्ष खेळात सर्वांत मागे ठेवली गेली. पंगतीत श्रीखंड अगदी शेवटी वाढावे आणि तोवर पाहुण्यांनी वरणभातावरच पोट भरून घ्यावे, तसा हा प्रकार झाला. म्हणून मी याला गुणवत्तेचा दोष न म्हणता क्रमाचा दोष म्हणतो. वरणभात वाईट नव्हता. तो चार वेळा वाढला गेला.

समीक्षकाचा खेळ आणि नंतरच्याचा खेळ

समीक्षकाला खेळ प्रकाशनाच्या थोडा आधी मिळतो आणि ठरलेल्या दिवसापर्यंत लेख तयार लागतो. चाळीस तासांचा खेळ तो सलग, दिवसाला आठ-दहा तास असा खेळतो. क्रमाचा दोष अशा खेळाडूला सर्वांत जास्त जाचतो, कारण सोमवारी तीन नीरो ठाणी आणि मंगळवारी आणखी दोन, असे त्याच्या वाट्याला येते. जो माणूस नोकरीवरून येऊन रात्री तासभर खेळतो, त्याला तेच ठाणे आठवड्यातून एकदा भेटते आणि ओळखीचे काम पुन्हा करण्यात त्याला विसावाही वाटू शकतो. दोघेही खरे बोलत असतात.

त्यात खेळही बदलत गेला. दुरुस्त्या आल्या, जून २०१९ पासून अधिक कठीण पातळी आणि दर आठवड्याला नवी आव्हाने फुकट मिळाली, नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आल्यावर चित्र सेकंदाला साठ चौकटींच्या वेगाने सुरळीत चालू लागले, आणि १८ मे २०२१ रोजी खेळ संगणकावर आला. प्लेस्टेशन ५ बरोबर ‘प्लेस्टेशन प्लस’ हे सोनीचे सशुल्क सदस्यत्व घेतलेल्यांना जुन्या खेळांचा जो संच मिळाला त्यात ‘डेज गॉन’ होता, आणि एप्रिल २०२१ च्या मासिक खेळांतही तो दिला गेला. भारतात ते यंत्र विक्रीला आले २ फेब्रुवारी २०२१ रोजी. तेव्हा ज्यांनी ते घेऊन सदस्यत्व भरले त्यांच्या हाती हा खेळ वेगळे पैसे न मोजता आणि बराचसा दुरुस्त होऊन पडला. तांत्रिक आक्षेप त्यांच्यापुरता संपला होता, साठ डॉलरच्या पूर्ण किमतीचा प्रश्न उरला नव्हता, आणि अपेक्षाही पिवळ्या चौकटीने आधीच खाली आणून ठेवली होती. मेटाक्रिटिकवर खेळाडूंनी दिलेली सरासरी दहापैकी आठाच्या वर आहे आणि संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानावर दहातील नऊ अभिप्राय अनुकूल आहेत, यात मला तरी कसलेच गूढ दिसत नाही.

या तफावतीवरून ‘समीक्षकांना खेळ कळलाच नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. खेळाचे लेखक व दिग्दर्शक जॉन गार्विन यांनी २०२२ च्या अखेरीस जी कारणे सांगितली त्यांत तांत्रिक दोष होते, खेळ पुरता न खेळणारे समीक्षक होते, आणि रांगडा गोरा मोटारसायकलस्वार नायक सहन न होणारे ‘वोक’, म्हणजे त्यांच्या मते अतिपुरोगामी, समीक्षकही होते. पहिले कारण मान्य आहे. दुसऱ्यात थोडे तथ्य असू शकते, जरी खेळ शेवटपर्यंत खेळावासा न वाटणे हेही मतच असते. तिसरे कारण मात्र समीक्षा मुळातून वाचल्यावर टिकत नाही. पुनरावृत्ती, चित्राचे अडखळणे आणि कथेचा रेंगाळणारा पूर्वार्ध यांवर जितका मजकूर खर्ची पडला आहे, त्याच्या पासंगालाही नायकाच्या वर्णाबद्दलचा मजकूर पुरत नाही. आपल्या कृतीतील क्रमाचा दोष दुसऱ्याच्या राजकारणावर ढकलण्याची सोय आहे, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

येथे एक भाषिक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मराठीत ‘बरा आहे’ या दोन शब्दांत सगळे स्वरावर अवलंबून असते. ‘मुलगा बरा आहे’ असे मावशीने मान हलवत म्हटले तर पत्रिका पुढे जाते आणि खिडकीबाहेर पाहत म्हटले तर स्थळ तिथेच संपते. समीक्षेच्या गद्यात हा स्वर असतो. समीक्षक लिहितो, की झुंडीशी लढताना मी खुर्चीच्या टोकावर होतो, परंतु तिथवर पोहोचेपर्यंत अर्धा जीव गेला होता. त्याखाली जेव्हा ६.५ हा आकडा येतो तेव्हा स्वर गळून पडतो. मग असे पन्नास-शंभर आकडे एकत्र करून, कोणत्या प्रकाशनाला किती वजन द्यायचे हे उघड न करता, सरासरी काढली की जे हाती येते त्यात झुंडही नसते आणि नीरो ठाणेही नसते.

आकड्याने केलेले काम

विक्री वाईट नव्हती. ब्रिटनमध्ये हा खेळ पहिल्याच आठवड्यात खपाच्या यादीत पहिला आला. अमेरिकेत एप्रिलच्या मोजणीत शेवटचे काही दिवसच मिळाले असूनही त्या महिन्याच्या यादीत तो ‘मॉर्टल कॉम्बॅट ११’च्या खालोखाल दुसरा होता. तरीही, ब्लूमबर्गने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, बेंडने २०१९ मध्येच मांडलेला दुसऱ्या भागाचा प्रस्ताव फेटाळला गेला होता. पहिला भाग नफ्यात होता, पण त्याला फार काळ लागला होता आणि समीक्षा संमिश्र होत्या, असे कारण त्या वृत्तात होते. स्टुडिओतील काही माणसे नॉटी डॉग या दुसऱ्या स्टुडिओच्या कामावर मदतीला दिली गेली.

वृत्त आल्यावर दुसऱ्या भागासाठी स्वाक्षऱ्यांची मोहीम उघडली गेली आणि तिच्यावर एक लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. गार्विन, जे तोवर स्टुडिओ सोडून गेले होते, त्यांनी एका मुलाखतीत याला रोखठोक उत्तर दिले : खेळ आवडत असेल तर तो आला तेव्हा पूर्ण किमतीला घ्यायला हवा होता, सवलतीत किंवा सदस्यत्वातून फुकट खेळून नंतर पुढचा भाग मागण्यात अर्थ नाही. या वाक्यावरून त्यांना लोकांनी फैलावर घेतले. हिशेबाच्या बाजूने मात्र ते चुकीचे नव्हते. प्रकाशक पुढचा पैसा लावायचा की नाही हे पहिल्या काही महिन्यांतील पूर्ण किमतीच्या विक्रीवरून ठरवतो, आणि दोन वर्षांनी सवलतीत आलेले प्रेम त्या बैठकीला हजर नसते. गार्विन विसरले ते इतकेच, की पूर्ण किमतीला घ्यायचे की नाही हे गिऱ्हाइकाने ज्या समीक्षा वाचून ठरवले, त्यांतील अडखळणाऱ्या चित्राबद्दलची तक्रार खरी होती. अर्धवट दुरुस्त माल पूर्ण किमतीत घ्यावा ही अपेक्षा कुठल्याही बाजारात चालत नाही. त्याच मुलाखतीत त्यांनी सांगितले, की सोनीत मेटाक्रिटिकच्या आकड्याला सर्वाधिक किंमत असते आणि सत्तरीत खेळ आणणारा दिग्दर्शक फार काळ त्या खुर्चीवर राहत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये या प्रकरणाला आणखी एक कलाटणी मिळाली. सोनीच्याच ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’च्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्याचे कौतुक चालू असताना ‘डेज गॉन’चे दुसरे दिग्दर्शक जेफ रॉस यांनी जाहीरपणे लिहिले, की आपण सोनी सोडली तेव्हा, म्हणजे प्रकाशनानंतर सुमारे दीड वर्षाने, ‘डेज गॉन’च्याही ऐंशी लाखांवर प्रती गेल्या होत्या, आणि तरी स्टुडिओच्या व्यवस्थापनाने तो मोठा अपेक्षाभंग असल्यासारखेच आम्हाला वागवले. आकडा रॉस यांचा आहे आणि त्यात सवलतीतील प्रती किती हे त्यातून समजत नाही, म्हणून दोन खेळांची उत्पन्ने सारखी होती असा अर्थ त्यातून काढू नये. ‘त्सुशिमा’ला मेटाक्रिटिकवर ८३ होते. दोन्ही खेळांना गिऱ्हाईक मिळाले. एकाच्या चौकटीचा रंग हिरवा होता.

समीक्षेची सरासरी अशी कराराच्या किंवा मंजुरीच्या कागदावर चढणे ही या प्रकरणापुरती गोष्ट नाही. २०१० मधील ‘फॉलआउट : न्यू वेगास’च्या निर्मात्यांना मेटाक्रिटिकवर ८५ आले तर बोनस मिळणार होता आणि खेळाला ८४ मिळाले, हे त्या स्टुडिओतील एका प्रमुखाने २०१२ मध्ये स्वतः सांगितले होते. समीक्षक लिहितो ते वाचकाने खेळ घ्यावा की न घ्यावा यासाठी; तो मजकूर कोणाच्या तरी पगाराच्या हिशेबात जाणार आहे ही जबाबदारी त्याने मागितलेली नाही आणि ती त्याच्यावर टाकणेही योग्य नाही. माझा आक्षेप आकडा वापरणाऱ्यांवर आहे. ‘झुंड अप्रतिम, पूर्वार्ध फुगलेला, चित्र अडखळते’ हे तीन शेरे वाचून दुसऱ्या भागाचे नियोजन करता आले असते, कारण तिन्ही दोष दुसऱ्या भागात सुधारण्यासारखे होते. ७१ हा आकडा वाचून फक्त हो किंवा नाही म्हणता येते.

त्याच रंगाच्या इतर चौकटी

हाच पिवळा रंग वेगवेगळ्या प्रकारच्या खेळांत वेगवेगळा अर्थ देतो. भूमिकाप्रधान खेळांत २०१७ मधील ‘मास इफेक्ट : अँड्रोमेडा’ सत्तरीच्या सुरुवातीला अडकला, तिथे लढाई चांगली आणि संवाद व चेहरे फसलेले होते, म्हणजे त्या प्रकाराचा जो गाभा तोच कच्चा होता. त्या खेळाच्या एकट्याने खेळायच्या कथेत यापुढे भर पडणार नाही, असे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. आपल्या जवळचे उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचे आहे. त्यांच्या ‘राजी’ या खेळासाठी लोकांकडून पैसे जमवणाऱ्या किकस्टार्टर या संकेतस्थळावरील वर्गणी २०१७ मध्ये पुरी झाली नव्हती. तरीही २०२० मध्ये तो खेळ आला. समीक्षकांनी चित्रशैली, वास्तुरचना आणि संगीत यांचे मनापासून कौतुक केले आणि उड्या मारण्यातील ढिलेपणा, साचेबद्ध लढाई आणि अर्ध्यावर तुटल्यासारखा शेवट यांवर बोट ठेवले. ते आक्षेप रास्त होते आणि भारतीय म्हणून सवलत मागण्याचे कारण नव्हते. पण त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये ‘राजी’ला पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळाले आणि संमिश्र समीक्षा मिळूनही स्टुडिओचे नाव झाले. जिथे मोजपट्टीच नव्हती तिथे मध्यम गुण म्हणजे सुरुवात ठरली. जिथे भावंडांना नव्वद होते तिथे तोच निकाल शेवट ठरला.

पुढे काय झाले

‘डेज गॉन’च्या शेवटी, श्रेयनामावलीनंतर खेळत राहिल्यास, नीरोचा एक जुना ओळखीचा अधिकारी डीकनला भेटतो आणि त्या भेटीत पुढच्या भागाची सगळी बीजे पेरलेली आहेत. ती तशीच पडून आहेत. बेंड ज्या नव्या, सतत ऑनलाइन चालणाऱ्या खेळावर काम करत होता तो सोनीने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केला.

त्यानंतर तीन महिन्यांनी, २५ एप्रिल २०२५ रोजी, ‘डेज गॉन’ची नव्याने घासूनपुसून केलेली आवृत्ती प्लेस्टेशन ५ वर आली. कथा तीच, ठाणी तीच, भोंगेही तेच. नवे म्हणून तिच्यात जे ठळकपणे पुढे केले होते त्यात ‘होर्ड असॉल्ट’ हा एक वेगळा विभाग होता : डीकनची कथा बाजूला ठेवायची, हत्यारे घ्यायची, आणि रानाच्या एका तुकड्यात थेट झुंडींसमोर उभे राहून किती वेळ तग धरता येतो ते पाहायचे.